बंद केलेला फोन आयएमईआयवरून ‘दोन मिनिटांत’ सापडत नाही

गणपती विसर्जनाची गर्दी असो, वारी असो, एखादी जत्रा असो. फोन हरवल्याच्या बातम्या आल्या की व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश पुन्हा फिरू लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, पण आशय असा: ‘चोराने फोन बंद केला तरी घाबरू नका. *#०६# डायल करून मिळणारा आयएमईआय नंबर (हँडसेटचा ओळख क्रमांक) अ‍ॅपमध्ये टाका. फोन बंद असला तरी जीपीएस चालूच असतं, त्यामुळे दोन मिनिटांत लोकेशन दिसेल. गुगल मॅपच्या टाइमलाइनमध्येही फोन कुठे आहे ते कळेल. सिम ब्लॉक करू नका, नाहीतर माग लागणार नाही. पोलिसांकडे जायची गरज नाही.’

पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, याबद्दल मला शंका नाही. पण यातली जवळजवळ प्रत्येक ओळ चुकीची आहे, आणि फोन गेल्यानंतरच्या पहिल्या तासात तिच्यावर विसंबणाऱ्याचं नुकसान फोनच्या किमतीपेक्षा मोठं होऊ शकतं.

सुरुवात जीपीएसपासून करू, कारण सगळा गैरसमज तिथून निघतो. जीपीएसचे उपग्रह साधारण वीस हजार किलोमीटर उंचीवरून फक्त संकेत पाठवतात. ते संकेत ऐकून आपण कुठे आहोत याचा हिशेब फोन स्वतः करतो. आकाशवाणी केंद्राला जसं कोणाच्या घरी रेडिओ लागला आहे हे कळत नाही, तसं उपग्रहाला कोणता फोन ऐकतो आहे हे कळत नाही. ठिकाण समजल्यावर ते इंटरनेटवरून कोणाला तरी कळवावं लागतं, आणि तेही फोनचंच काम. पूर्ण बंद फोनमध्ये यातलं काहीच होत नाही.

मग मोबाइल कंपनीला तरी कळतं का? शेवटचं कळतं. नीट बंद करताना फोन नेटवर्कला तसं कळवतो, म्हणूनच आपण लावला की ‘स्विच ऑफ’ ऐकू येतं. तो शेवटी कोणत्या टॉवरच्या हद्दीत होता, याची नोंद कंपनीकडे राहते. पण टॉवरची हद्द म्हणजे घर नव्हे. शहरात ती काही गल्ल्यांची असते, मोकळ्या भागात काही किलोमीटरची. आणि ही नोंद पोलिसांनी रीतसर मागितल्यावर त्यांनाच मिळते, कुठल्या अ‍ॅपला नाही.

आता आयएमईआय. पंधरा अंकांची ही हँडसेटची ओळख फोन नेटवर्कला जोडला जातो तेव्हा नेटवर्कला दिसते. ती कुठून दिसते आहे हे पाहण्याची सोय प्ले स्टोअरवरच्या कुठल्याही अ‍ॅपकडे नाही. ‘आयएमईआय ट्रॅकर’ म्हणवणारी अ‍ॅप्स जाहिराती दाखवतात, कॉन्टॅक्ट आणि एसएमएस वाचायची परवानगी मागतात. ‘मोबाइल नंबर टाका, लोकेशन पाहा’ म्हणणाऱ्या साइट्स फार तर तो नंबर मुळात कोणत्या कंपनीच्या कोणत्या सर्कलचा, म्हणजे दूरसंचार विभागाचा होता एवढं सांगतात. जुलै २०१५पासून नंबर देशभर पोर्ट करता येतो, त्यामुळे तेवढ्याचाही भरवसा उरलेला नाही. याच दाव्याची जुनी आवृत्ती अनेकांना आठवत असेल: व्हीएसएनएल या पूर्वीच्या सरकारी दूरसंचार कंपनीच्या एका पत्त्यावर आयएमईआय ईमेल करा, २४ तासांत फोनचा माग लागेल. व्हीएसएनएलचं नाव बदलून टाटा कम्युनिकेशन्स झालं ते २००८ साली; तो संदेश मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षं फिरत राहिला.

आणखी एक. *#०६# डायल करायला फोन हातात लागतो. तो गेल्यावर हा नंबर खोक्यावर किंवा बिलावर सापडेल. ते नसेल तर दुसऱ्या फोनवरून आपल्या गुगल खात्याच्या, हरवलेला फोन शोधायच्या ‘फाइंड हब’ सेवेमध्ये किंवा अ‍ॅपल खात्याच्या उपकरणांच्या यादीत पाहावं. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात. दोन्ही टिपून ठेवावेत.

आयएमईआयचा खरा उपयोग सरकारच्या सीईआयआर यंत्रणेत, म्हणजे हँडसेटच्या ओळख क्रमांकांच्या केंद्रीय नोंदवहीत होतो. तिची प्राथमिक चाचणी सप्टेंबर २०१९मध्ये मुंबईतून, महाराष्ट्रासाठीच सुरू झाली होती. मे २०२३मध्ये ‘संचार साथी’ पोर्टलद्वारे ती देशभर खुली झाली. पोलीस तक्रारीची प्रत, आयएमईआय आणि ओळखपत्र देऊन विनंती केली की साधारण २४ तासांत तो हँडसेट देशातल्या सगळ्या नेटवर्कवर ब्लॉक होतो. पुढे कोणी त्यात सिम घालून वापरायचा प्रयत्न केला, तर त्याचा माग पोलिसांपर्यंत जातो. इथली अट बघा: फोन चालू व्हायला हवा आणि त्यात सिम पडायला हवं. देशातल्या सगळ्या मोबाइल कंपन्या जिला जोडलेल्या आहेत त्या यंत्रणेलाही बंद फोन दिसत नसेल, तर फुकटातल्या अ‍ॅपला तो दोन मिनिटांत कसा दिसेल?

टाइमलाइन म्हणजे आपण कुठे कुठे गेलो याची गुगल मॅपमधली नोंद. ती बघण्याचा सल्ला तर बातम्यांच्या साइट्सवरही अजून सर्रास दिसतो. तो जुना झाला आहे. गुगलने २०२४मध्ये टाइमलाइनची नोंद आपल्या सर्व्हरवरून काढून फोनमध्येच ठेवायला सुरुवात केली, आणि ब्राउझरमधून ती बघायची सोय बंद केली. फोन गेला की ती नोंदही त्याच्यासोबत जाते. बॅकअप आधीच चालू केलेला असेल तरच ती नव्या फोनवर आणता येते, आणि तीत फोन बंद होण्याआधीचा प्रवास असतो, नंतरचा नाही.

बंद फोन कधीच सापडत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. काही मोजके फोन सापडतात, आणि ते आयएमईआयमुळे नाही. आयफोन ११ आणि त्यानंतरचे फोन, एसई वगळून, आयओएस १५पासून म्हणजे २०२१पासून बंद केल्यावरही काही काळ शोधता येतात. गुगलचे पिक्सेल ८पासूनचे फोनही. त्यांच्यातली एक चिप उरलेल्या थोड्या चार्जवर ब्लूटूथचे संकेत सोडत राहते. आजूबाजूने जाणाऱ्या लोकांचे फोन ते टिपतात आणि ठिकाण सांकेतिक रूपात मालकापर्यंत पोहोचवतात. हे काही तासच चालतं, आणि सेटिंग आधीपासून चालू असावं लागतं. शिवाय असे संकेत टिपणाऱ्या गुगलच्या नेटवर्कचं मूळ सेटिंग गर्दीच्या जागांपुरतं आहे. दादर स्टेशनवर ते कामाला येईल. आडरस्त्याला फोन पडला तर कदाचित काहीच दिसणार नाही. हे सेटिंग बदलून सगळ्या ठिकाणांसाठी करता येतं, आणि गावाकडे राहणाऱ्यांनी ते जरूर करावं.

आपल्याकडच्या बहुतेकांच्या हातातल्या अँड्रॉइडमध्ये ती चिप नाही. त्यांच्यासाठी सर्वांत उपयोगी सेटिंग वेगळंच आहे: लॉक असलेला फोन बंद करताना पासवर्ड मागणं. अनेक कंपन्यांच्या फोनमध्ये ते असतं, पण मुद्दाम चालू करावं लागतं. चोराला फोन सहज बंदच करता आला नाही, तर मालकाला वेळ मिळतो. आईवडिलांच्या फोनवर आज हे करून द्या.

‘सिम ब्लॉक करू नका’ हे वाक्य मला सगळ्यांत घातक वाटतं. आयएमईआय हँडसेटचा असतो, सिमचा नाही. सिम ब्लॉक केल्याने सीईआयआरचा माग थांबत नाही. उलट सिम चालू ठेवलं, तर चोर ते काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो, आणि तुमचे बँकेचे ओटीपी त्याच्या हातात येतात. फोनची रिंग अजून वाजत असेल, तर आधी दुसऱ्या फोनवरून ‘फाइंड हब’मध्ये किंवा अ‍ॅपलच्या ‘फाइंड माय’मध्ये तो हरवल्याची खूण करून लॉक करा, कारण त्याला इंटरनेट त्याच सिमवरून मिळत असतं. मग लगेच सिम बंद करा. फोन बंदच झाला असेल तर थांबायला काही कारणच नाही. हरवल्याची खूण तरीही करावी. फोन पुन्हा इंटरनेटला जोडला गेला की लॉक लागू होतं. बँकेला कळवा, यूपीआय थांबवा. पैसे गेलेच असतील तर १९३० या हेल्पलाइनवर तत्काळ तक्रार करा. नंतर त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम घ्या. त्यावर एसएमएस सुरू व्हायला २४ तास लागू शकतात, त्यामुळे फोन ब्लॉक करायच्या विनंतीसाठी लागणारा संचार साथीचा ओटीपी लगेच न आल्यास गोंधळून जाऊ नका.

पोलिसांकडे जावंच लागतं, कारण तक्रारीशिवाय सीईआयआरची विनंती पुढे सरकत नाही. फोन खिशातून काढला गेला असेल तर तक्रारीत ‘चोरी’ लिहून घ्या, ‘गहाळ’ नाही. लोकलमध्ये गेला असेल तर लोहमार्ग पोलिसांकडे जा. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे चोरीसारख्या दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीचा प्रश्न न काढता कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. ती ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

त्या संदेशात नसलेली एक गोष्ट शेवटी सांगायलाच हवी. काही दिवसांनी नव्या सिमवर एसएमएस येऊ शकतो: ‘तुमचा फोन सापडला आहे, लोकेशन पाहण्यासाठी लिंक उघडा.’ लिंकवरचं पान हुबेहूब अ‍ॅपल किंवा गुगलसारखं दिसतं आणि पासवर्ड किंवा स्क्रीनचा पासकोड मागतं. हा तुमच्याच हातून फोन उघडून घ्यायचा डाव असतो. फोन सापडला का, हे फक्त स्वतः उघडलेल्या अ‍ॅपमध्ये पाहावं. आपलं उपकरण खात्यातून काढून टाकू नये, कोणी फोन करून कितीही गोड बोललं तरी. फोन खरोखर परत मिळाला, तर आधी पोलिसांकडे तशी नोंद करावी आणि मग ब्लॉक करताना मिळालेला विनंती क्रमांक देऊन संचार साथीवर तो अनब्लॉक करावा. तोपर्यंत त्यात कुठलंही सिम चालणार नाही.