श्वासाच्या पंपाची सवय लागत नाही. दवाखान्यात नेतो तो दम लागण्याचा अॅटॅक

थंडी पडली की कोथरूड-सिंहगड रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘सीओपीडी फक्त सिगारेटवाल्यांना होतो. पंप घेतला की सवय लागते, मग अॅडमिट व्हावंच लागतं.’ सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार; पंप म्हणजे औषध श्वासातून ओढायचा इनहेलर. दोन्ही विधानं चुकीची आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, श्रीमंत देशांत सीओपीडीचे ७० टक्क्यांहून जास्त रुग्ण धूम्रपानामुळे होतात. गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत मात्र ३० ते ४० टक्केच. तिथे चुलीचा धूर हेही मोठं कारण आहे. मावळ-मुळशीत आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या आजीने बिडी कधी हातात धरलेली नसते, तरी तिला दम लागतो. भारतात २०१६ मध्ये सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते.

आता पंप. साल्ब्युटामॉल हे दम लागल्यावर श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध. त्याच्या पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं, गोळीत २ किंवा ४ मिलिग्रॅम, म्हणजे वीस ते चाळीस पट! तरी आपल्याकडे गोळी ‘साधी’ आणि पंप ‘शेवटचा’. दम लागल्यावर घ्यायचा हा पंप वारंवार लागू लागला तर ती सवय नव्हे, आजार वाढल्याची खूण आहे, डॉक्टरांना दाखवा.

अॅडमिट व्हावं लागतं ते बहुधा जंतुसंसर्गाने किंवा प्रदूषणाने अचानक दम वाढल्यावर. बरं वाटतंय म्हणून रोजचा पंप परस्पर सोडला तर हा धोका वाढतो. एक खरं: स्टेरॉइडच्या पंपाने तोंडात बुरशी येऊ शकते. पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकायची.