काळी तीन, भूप आणि शेव

पियानो घेताना दुकानदार तीन गोष्टी छातीठोकपणे सांगतो: पट्ट्या 88 आहेत, टच अगदी खऱ्यासारखा आहे आणि हप्ता बिनव्याजी आहे. चौथी गोष्ट तो सांगत नाही, कारण त्याच्या दुकानात दीड वर्षाचं पोर कोणी मोकळं सोडत नाही. स्टँडवर बसवलेल्या पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून साधारण 72 ते 75 सेंटिमीटरवर येतात. दीड वर्षाचं पोर उभं राहिलं की 80च्या आसपास भरतं. म्हणजे पट्ट्या त्याच्या कपाळाशी. त्याला त्या दिसत नाहीत, तो खालून हात घालतो आणि मांजरानं शिंक्यातलं दही चाचपावं तसं चाचपतो. दोन वर्षांचा झाला की तोंड बरोबर पट्टीच्या कडेला येतं. मग दातांचं काम सुरू होतं.

हे सगळं डिजिटल, म्हणजे विजेवर चालणाऱ्या पियानोबद्दल. दोनशे किलोंच्या वरचा, दोनशे तीस-एक तारा ताणलेला लाकडी पियानो खान्देशात ठेवायचा असेल, तर आधी पोराचा नव्हे, मे महिन्याचा बंदोबस्त करा. भुसावळला पारा 45च्या पुढे, हवा कोरडी ठणठणीत, आणि दुपारी कूलर लावला की खोलीत ओल. लाकूड आकसतं, मग फुगतं, आणि सूर त्याच्यामागे फरफटत जातात. डिजिटललासुद्धा कूलरच्या झोतात ठेवू नये. ओली हवा आणि धूळ एकत्र आत गेली की काय होतं ते पुढे येतंच आहे.

स्टँड कात्रीसारखा दुमडणारा घेऊ नका. त्याला लोंबकळलं की तो डुलतो, आणि डुलतो म्हणून पोर पुन्हा लोंबकळतं. लाकडी, भिंतीला टेकलेला आणि पियानो स्क्रूनं कसलेला बरा. अडॅप्टरची वायर स्टँडच्या मागच्या पायाला बांधून टाकायची. लोंबती वायर ही पोराच्या लेखी ओढण्यासाठीच केलेली वस्तू.

आता बटणं. पियानोवर जितकी बटणं कमी, तितकं घर सुखी, हे माझं ठाम मत आहे. डेमोचं बटण निदान बोंबलून आपला गुन्हा कबूल करतं. खरा घरभेदी म्हणजे ट्रान्सपोज. ते दाबलं गेलं की बऱ्याचदा दिवा नाही, आवाज नाही, काही नाही. फक्त सगळा पियानो गुपचूप अर्ध्या सुरानं वर सरकतो. तुम्ही पांढरी एक (सप्तकातली पहिली पांढरी पट्टी) दाबता आणि काळी एक (पहिली काळी) ऐकू येते. एकट्यानं वाजवत असाल तर पत्तासुद्धा लागत नाही. तानपुऱ्याचं ॲप लावलं की मात्र प्रत्येक सूर खटकतो आणि माणूस आधी स्वतःच्या कानावर, मग ॲपवर, मग कंपनीवर शंका घेतो. बऱ्याच मॉडेलांत अधिक आणि वजा ही दोन्ही बटणं एकदम दाबली की सगळं शून्यावर येतं. तुमच्या मॉडेलची खूण पुस्तिकेत शोधून पियानोच्या बुडाला चिकटवून ठेवा. पुस्तिका फार दिवस जगणार नाही.

पायातल्या पेडलचं दुखणं याहून गमतीचं. बरेच पियानो चालू होतानाच पाहून घेतात की पेडल कोणत्या जातीचं आहे, आणि त्या क्षणी ते ज्या स्थितीत असेल तिलाच ‘मोकळं’ समजतात. आता दृश्य असं: लाइट गेलेली, पियानो मुका, पोर पेडलवर उभं राहून मुक्या पट्ट्या बडवतंय. स्विच दाबून बसणारा असेल, तर लाइट येताच पियानो आपोआप सुरू होतो आणि पेडल उलटं होऊन बसतं. पाय काढला की सूर लांबतात, पाय दिला की तुटतात. मेकॅनिक बोलावू नका. बंद करा, पोराला उचला, पेडलवर काही नाही याची खात्री करा आणि पुन्हा चालू करा.

खाण्याचं काय? केळं. जळगाव जिल्ह्यात केळं पोराच्या हातात नसेल असा तास काढून दाखवा. तरी केळं दिसतं आणि पुसता येतं. वैताग आणते ती शेव. दोन पट्ट्यांमधल्या फटीत ती सहसा शिरत नाही. पट्ट्या जिथे मागे पॅनेलखाली जातात तिथे मात्र तीन-चार मिलिमीटरची फट असते, शेवेला आणि रुपयाच्या नाण्याला पुरेल एवढी. मग ती एक पट्टी पूर्ण खाली जात नाही. पट्टीचा प्रवासच मुळात दहा मिलिमीटरचा, त्यात शेवेचा एक तुकडा आडवा पडला की संपलं. सुईनं, पिनेनं उकरू नये, तुकडा आणखी आत जातो. वायर काढून दोघांनी पियानो उचलावा (वजन 11-12 किलो असतं), पट्ट्या जमिनीकडे करून उलटा धरावा आणि मागून हलकेच थोपटावं. जे पडेल त्यातलं नाणं ठेवून घ्यावं.

दूध सांडलं तर पुसण्याआधी प्लग काढा. प्रत्येक पट्टीखाली रबराचे दोन-तीन संपर्क असतात. पहिला आणि दुसरा लागण्यात किती वेळ गेला, त्यावरून पियानो ठरवतो की तुम्ही हळू वाजवलं की जोरात. दूध वाळून किंवा कूलरची ओल लागून, वर धूळ बसून तिथे चिकटा धरला की ते गणित चुकतं. एकच सूर कधी मुका, कधी कानठळ्या बसवणारा. ते साफ करायला पियानो उघडावा लागतो आणि रबराची पट्टी जशी होती तशीच बसवावी लागते. हात बसलेला नसेल तर ते काम जाणत्याकडे द्या.

पोर झोपल्यावर हेडफोन लावून वाजवू, असं सगळेच म्हणतात. पण पट्ट्यांची धपधप स्टँडमधून फरशीत उतरते. जुन्या गोधडीच्या चार घड्या स्टँडच्या पायांखाली घातल्या की ती बरीच मरते. पोर जागं असताना एक कान उघडा ठेवा, कारण त्याचा आवाज बंद होणं हाच धोक्याचा आवाज. आणि हेडफोनची बारीक पिन मोठ्या जॅकला लावायचा तो बोटाएवढा ॲडॅप्टर पियानोवर कधीच ठेवू नका. तो तोंडात मावतो.

एवढं करूनही ते मांडीवर येऊन बसतंच. तेव्हा त्याला काळ्या पट्ट्या द्या. काळ्या पट्ट्या 36 असतात आणि त्यांवर चुकताच येत नाही. काळी तीन (सप्तकातली तिसरी काळी) सा धरली की सगळ्या काळ्या मिळून भूप राग होतो, काळी एक धरली तर दुर्गा राग. काळ्या पट्ट्या पांढऱ्यांपेक्षा सेंटिमीटरभर वर असतात, त्यामुळे त्याचा तळहात मागे सरकवून ठेवला की पांढऱ्यांना लागत नाही. त्याला डावीकडचा खर्ज द्यावा. उजवीकडे दिला तर डोकं उठतं. खर्जात त्यानं पाच पट्ट्या एकदम दाबल्या तरी ढग गडगडल्यासारखं होतं, आणि तुम्ही मधल्या सप्तकात काळी तीनचा भूप निवांत चालू ठेवू शकता.

अशा वेळी शेजारच्या काकू दारातून डोकावतात. “हाई पेटी शे का? मंग भाता कोठे शे?” विचारतात, थोडं ऐकतात आणि कौतुकानं म्हणतात, “पोऱ्याना हातमा सूर शे हां!” मग तुमच्याकडे वळून, “तू बी शिकी ऱ्हायना का?”