प्लॅन नंतर बघू, आधी भिंती बघा

घोडबंदर रोडला सतत कुठल्या ना कुठल्या टॉवरचं पझेशन सुरू असतं आणि गेटबाहेर इंटरनेटवाल्यांच्या छत्र्या लागलेल्या असतात. घर घेणारा माणूस आधीच फर्निचर, सोसायटीचे फॉर्म आणि सामानाचा टेम्पो यांत गुंतलेला. छत्रीखालचा मुलगा पत्रक पुढे करतो. त्यावर १००, २००, ३०० एमबीपीएस अशा वेगांचे रकाने, खाली वर्षाचे पैसे एकदम भरले तर काहीतरी फुकट. दोन मिनिटांत ठरून जातं. पुढची काही वर्षं त्या घरातले मुलांचे क्लास, ऑफिसच्या मीटिंगा, आजींच्या मालिका हे सगळं त्या दोन मिनिटांच्या भरवशावर चालतं. मला हे फार खटकतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझं म्हणणं असं, की ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या इमारतींत नेट अडतं ते बहुतेक वेळा घराच्या आत. दारापर्यंत फायबर, म्हणजे कंपनीची काचेच्या धाग्याची केबल, व्यवस्थित येते. दारापासून मागच्या बेडरूमपर्यंतच्या तीस-चाळीस फुटांत खेळ बिघडतो, आणि त्या तीस-चाळीस फुटांबद्दल छत्रीखाली कुणी अवाक्षर काढत नाही.

याचं कारण भिंती. गेल्या काही वर्षांतले बरेचसे उंच टॉवर मिवान पद्धतीने बांधलेले आहेत. म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात. त्यामुळे या घरांत आतल्या खोल्यांमधल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या असतात आणि त्यांच्या पोटात लोखंडी सळ्यांची जाळी असते. खिळा ठोकायला गेलात की कळतंच, ड्रिलशिवाय काम होत नाही. वायफायच्या लहरींचंही तिथे तसंच होतं. वाशी-नेरूळच्या किंवा नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये खोल्यांच्या मधे विटांच्या भिंती आहेत, तिथे हॉलमधल्या एका राउटरवर दोन बेडरूमचं घर आरामात चालतं. तोच राउटर मिवानच्या घरात आणा, दुसऱ्या भिंतीपलीकडे रेंज मेलेली असते.

वायफायचे दोन पट्टे आपल्या घरात चालतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ वाला भिंतीतून जरा बरा पार होतो, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. एका मजल्यावर चार ते आठ फ्लॅट, वर-खाली तितकेच. प्रत्येक घरातला राउटर त्या तीन चॅनेलांत घुसलेला. शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात काम करतो, ब्लूटूथही. ५ गिगाहर्ट्झला जागा भरपूर आणि वेग दणकून, पण काँक्रीटपुढे तो लवकर हात टेकतो. म्हणून राउटरच्या खोलीत फोनवर झपाझप चालणारं नेट आतल्या खोलीत गोल गोल फिरत बसतं. कंपनीला फोन लावला तर ते त्यांच्या बाजूने तपासतात आणि सांगतात, लाइन ओके आहे. लाइन खरंच ओके असते.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचं घर हे याचं अगदी ठळक उदाहरण आहे. त्यांची सून ऐरोलीतल्या एका कंपनीत आहे, आठवड्यातले बरेच दिवस घरून काम. तिची खोली फ्लॅटच्या शेवटच्या टोकाला. कॉल तुटतो म्हणून काकांनी प्लॅन १०० वरून ३०० चा केला. कॉल तुटतच राहिला. त्यांनी बोलावलं म्हणून मी गेले, तर राउटर मुख्य दारावर, फॉल्स सीलिंगच्या खोबणीत, एमसीबीच्या लोखंडी डब्याला खेटून. शाफ्ट, म्हणजे वायरी आणि पाइप वर-खाली नेणारी उभी पोकळी, दाराबाहेर असतो, फायबर तिथून येते, तेव्हा बसवणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात सोपी जागा तीच. तिथून सुनेच्या टेबलापर्यंत काँक्रीटच्या तीन भिंती आणि मधे पूर्ण आरशाचं कपाट. आरशामागे धातूचा थर असतो, तो लहरी परतवून लावतो. मग लॅपटॉप वायरने थेट कंपनीच्या डब्याला, म्हणजे फायबर ज्यात येऊन शिरते त्याला, जोडून वेग मोजला. ९४ च्या वर काटा हलेना. डब्याची लॅन पोर्ट, म्हणजे वायर खुपसायची जागा, १०० एमबीपीएसची होती, त्यातून ३०० निघणारच कसे! जादाचे पैसे दर महिन्याला जात होते आणि ते दोनशे एमबीपीएस त्या वायरीतून कधी आलेच नव्हते.

उपाय स्वस्तात झाला. बिल्डरने प्रत्येक बेडरूममध्ये टेलिफोनचा पॉइंट दिलेला असतो, तो आता कुणी वापरत नाही. त्या पॉइंटपासून भिंतीतून एक पाइप जातो. इलेक्ट्रिशियनने पाइपात स्प्रिंग घालून जुनी टेलिफोनची वायर काढली आणि तिच्या जागी कॅट सिक्स, म्हणजे नेटची लॅन वायर ओढली. एक टोक कंपनीच्या डब्याला, दुसरं टोक सुनेच्या खोलीत लावलेल्या दुसऱ्या साध्या राउटरला, ॲक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे तो फक्त वायफाय पसरवतो. प्लॅन परत १०० वर आणला. आता तिचा कॉल तुटत नाही आणि काकांचं बिल कमी झालंय.

म्हणून माझा आग्रह आहे की फर्निचर करायच्या आधी, पीओपी आणि रंगाच्या आधी, घरात कॅट सिक्स ओढून घ्या. हॉलमध्ये टीव्हीमागे, प्रत्येक बेडरूममध्ये आणि मधल्या पॅसेजमध्ये छताजवळ एक. मॉड्युलर किचनवर आपण लाखो रुपये घालतो, त्यापुढे ही वायर किरकोळ आहे. नंतर करायला गेलं की मात्र भिंतीवरून पांढऱ्या पट्ट्या फिरवाव्या लागतात, आणि घरातलं कुणीतरी त्याला हमखास विरोध करतं.

ज्यांना वायर ओढणं शक्यच नाही, भाड्याचं घर आहे, त्यांनी निदान राउटरची जागा भांडून घ्यावी. बसवायला आलेल्या मुलाला सांगा, फायबर पॅसेजपर्यंत आण. तो म्हणेल वायर जास्त लागेल, त्याचे पैसे पडतील. द्या. फायबर वाकवताना मात्र लक्ष ठेवा. शू-रॅकच्या दाराच्या फटीत दाबलेली फायबर मी पाहिली आहे. आत केसाइतकी बारीक काच असते, काटकोनात मुडपली की उजेड तिथेच गळतो. त्या मुलाकडे फायबरमधून उजेड किती येतो ते मोजणारा पॉवर मीटर असतो, त्यावरचा आकडा विचारा. उणे वीसच्या आसपास असेल तर उत्तम. उणे २७ च्या पलीकडे गेला तर डबा जेमतेम तग धरेल, आणि पावसाळ्यात लाइन गेल्याचा लाल दिवा ठरलेला. तो आकडा कार्डावर लिहून घ्या, पुढे तक्रारीला उपयोगी पडतो.

दुकानात मिळणारे, वायफाय पुढच्या खोलीत ढकलणारे छोटे रिपीटर मी कुणाला सुचवत नाही. एकाच रेडिओवर ऐकायचं आणि त्याच रेडिओवर पुढे बोलायचं, यात वेग निम्म्यावर येतो. मेश संच, म्हणजे मिळून एकच वायफाय घरभर पसरवणारे दोन-तीन डबे, त्यापेक्षा चांगला, पण मिवानच्या घरात त्या डब्यांनाही एकमेकांशी बोलायला तीच भिंत आडवी येते. मेश घेतलाच तर डबे वायरने जोडा.

राउटर घेताना अँटेना मोजू नका. सहा अँटेनांचा म्हणून घरभर रेंज येते हा गैरसमज आहे. ड्युअल बँड, म्हणजे दोन्ही पट्ट्यांचा हवा, सगळ्या पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसच्या हव्या, आणि घरात फोन, टीव्ही, कॅमेरे मिळून पंधरा-वीस वस्तू वायफायवर असतील तर वायफाय ६, म्हणजे वायफाय ५ च्या पुढची पिढी घ्या. त्याचा फायदा एका वेळी अनेकांना सांभाळण्यात आहे, भिंत भेदण्यात नाही. वायफाय ५ वाला धड चालत असेल तर फक्त नाव नवं म्हणून बदलू नका. एक मात्र आल्या दिवशी करा: डब्यावर छापलेला पासवर्ड आणि राउटरच्या आतला ॲडमिनचा पासवर्ड, दोन्ही बदला.

वेगाबद्दल फार लिहीत नाही. ४के सिनेमाला २५ एमबीपीएसच्या आत भागतं, व्हिडिओ कॉलला त्याहून पुष्कळ कमी. चार माणसांच्या घराला १०० पुरतात, कुणी मोठ्या फाइल्स चढवत असेल तर अपलोडचा वेग वेगळा विचारून घ्या. पत्रकावरच्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरलाय का, तेही विचारा.

आता कुणाचं घ्यायचं? मला दिवसातून दहा जण विचारतात, ताई जिओ बरं का एअरटेल, बीएसएनएल कसं आहे, का आपला लोकल केबलवालाच बरा? ठाण्यात हा प्रश्न शहराचा नाही, इमारतीचा आहे. एकाच कंपनीची सेवा कासारवडवलीला उत्तम आणि वागळे इस्टेटला रडतखडत असू शकते, कारण शेवटच्या टप्प्याची देखभाल वेगवेगळे कंत्राटदार करतात. तेव्हा आपल्या विंगमध्ये विचारा. नेट कसं आहे असं विचारू नका, सगळे ठीक म्हणतात. विचारा, मागच्या पावसात लाइन गेली तेव्हा माणूस कधी आला? आणि रात्री नऊला कसं चालतं? फायबरच्या एका धाग्यावर स्प्लिटर लावून ३२ किंवा ६४ घरं जोडलेली असतात. त्या धाग्याचे साधारण अडीच गिगाबिट सगळ्यांत वाटले जातात. त्यात कंपनीने पुढची लाइन अपुरी घेतली असेल तर ते रात्री जेवणानंतरच उघडं पडतं. सकाळी अकराची स्पीड टेस्ट काहीच सांगत नाही.

लोकल ऑपरेटरला मी कमी लेखत नाही. आमच्या भागात मेट्रो ४ च्या खोदकामात केबल तुटणं नित्याचं झालंय, आणि अशा वेळी रात्री मशीन घेऊन रस्त्याच्या कडेला बसून जोड मारणारा मुलगा मी लोकल ऑपरेटरचाच पाहिलाय. टॉर्च तोंडात धरून तो एकेक धागा पुसून मशीनमध्ये ठेवत होता. पण त्यांना एक प्रश्न जरूर विचारा: फायबर थेट माझ्या घरात येणार, की गच्चीवरच्या स्विचपर्यंत (घराघरांत नेट वाटणाऱ्या डब्यापर्यंत) फायबर आणि पुढे लॅन वायर? दुसरा प्रकार असेल तर तो स्विच विजेवर चालतो. बिल्डिंगची वीज गेली की तुमच्या घरी इन्व्हर्टर असूनही नेट बंद. थेट फायबरमध्ये मधला स्प्लिटर विजेशिवाय चालतो, घरातल्या डब्याला आणि राउटरला करंट मिळाला की पुरे. बहुतेक डबे १२ व्होल्टचे असतात, त्यांच्यासाठी छोटा यूपीएस मिळतो, दोन-तीन तास सहज काढतो. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली, ऐन ऑनलाइन शाळांच्या दिवसांत. तेव्हापासून मी तो यूपीएस प्रत्येकाला घ्यायला लावते.

बाहेरून घरचा कॅमेरा बघायचा असेल तर स्वतःचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, मिळतो का हेही विचारून ठेवा. बऱ्याच कंपन्या एकच पत्ता अनेक घरांत वाटतात. क्लाउडवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांना त्याने अडत नाही, पण जुन्या डीव्हीआरला (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्याला) बाहेरून जोडता येत नाही. आणि वर्षाचे पैसे एकदम भरायची घाई नको. पहिला प्लॅन लहान मुदतीचा घ्या, मधे एक पावसाळा जाऊ द्या. तक्रार केली की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक घ्या. त्याशिवाय कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येत नाही, आणि मोठ्या कंपन्यांना तो अधिकारी ठेवावाच लागतो. हे लोकांना माहीतच नसतं.

शेवटचा मुद्दा सोसायट्यांचा, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. काही कमिट्या एका कंपनीकडून सोसायटीसाठी रक्कम घेतात आणि बाकीच्यांना शाफ्टची किल्ली देत नाहीत. रक्कम सोसायटीच्या खात्यात जात असली तरी हे चूक आहे. चारशे घरांचा निवड करायचा हक्क आपण मेंटेनन्समधल्या थोड्या रुपयांसाठी विकतो, आणि त्या कंपनीला मग कुणाचा धाकच उरत नाही. ट्राय या दूरसंचार नियामकाने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीसाठी तारांकित मानांकन देण्याचे नियम आणलेत. फ्लॅट बुक करणाऱ्यांनी क्लब हाउस आणि स्विमिंग पूल बघताना बिल्डरला त्याबद्दलही विचारावं: शाफ्टमध्ये किती कंपन्यांना जागा ठेवली आहे, आणि घरात डेटाचे पाइप कुठे कुठे फिरवले आहेत?

आमच्या वार्षिक सभेत मी ठराव मांडणार आहे, की परवानाधारक कुठल्याही कंपनीला सारख्याच अटींवर शाफ्ट खुला राहील, आणि तुटलेल्या, बंद पडलेल्या वायरी ज्याच्या त्याने काढून न्यायच्या. कुणाच्या सोसायटीत असा ठराव झाला असेल तर त्याचा मसुदा मला पाठवा. अटी काय घातल्यात ते बघायचंय.