‘अभ्यास वाढवा, मॅडम’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘ट्रम्बो’ चित्रपटावरच्या माझ्या लेखाखाली आलेल्या एका प्रतिक्रियेला तिथल्या तिथे उत्तर देणार होते. लिहायला बसले आणि ते काही तिथे मावेना. म्हणून इथे स्वतंत्र लिहिते आहे.

चित्रपट आहे डाल्टन ट्रम्बो या हॉलिवूडच्या पटकथाकारावर. कम्युनिस्ट असल्याच्या चौकशीत उत्तर नाकारलं म्हणून त्याला तुरुंगात जावं लागलं आणि ‘काळ्या यादी’त टाकून त्याचं काम बंद केलं गेलं. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी सारांश असा : चित्रपटात इतिहासाची मोडतोड आहे आणि मला ती दिसली नाही. डाल्टन ट्रम्बो हॉलिवूडमधल्या सगळ्यांत महागड्या पटकथाकारांपैकी एक, तेव्हा “टबात बसून व्हिस्की पिणाऱ्या लखपतीच्या हालअपेष्टांवर आम्ही का डोळे पुसायचे?” शिवाय तो स्टॅलिनबद्दल गप्प राहिला, आपल्याच वाचकांची नावं त्यानं एफबीआयला कळवली, आणि आपल्या गीतकार मजरूह सुलतानपुरींना तुरुंगात टाकलं त्यावर मात्र माझ्यासारखे लोक कधी लिहीत नाहीत. आणि सगळ्यात शेवटी : “अभ्यास वाढवा, मॅडम.”

आधी या शेवटच्या वाक्याचं बघू. माझ्या एका मित्रानं याच चित्रपटावर लिहिलं होतं. त्यात ट्रम्बोचा जन्म ग्रँड जंक्शनचा म्हणून ठोकून दिला होता. जन्म मॉन्ट्रोजचा, ग्रँड जंक्शनला तो वाढला. दोन्ही गावं कोलोरॅडोतली. त्या लेखाखाली “वा सर, नेहमीप्रमाणे अभ्यासपूर्ण” अशा प्रतिक्रियांची रांग. त्याला कुणी अभ्यास वाढवायला सांगितलं नाही. मतभेद जरूर असावेत, मी काही लेख पूजेला लावून ठेवलेला नाही. पण समोरच्याला पहिलीच्या वर्गात बसवून मग मुद्दा मांडायचा, ही पद्धत मला मान्य नाही. तुमचे मुद्दे कदाचित चांगलेही असतील. ते अशा सुरात आले की वाचणाऱ्याचं निम्मं लक्ष सुरातच अडकतं, आणि त्याला जबाबदार मी नाही.

एक गोष्ट मोकळेपणानं मान्य करते. चित्रपटात ट्रम्बोला तुरुंगात जे. पार्नेल टॉमस भेटतो, तसं प्रत्यक्षात घडलं नव्हतं. टॉमस म्हणजे अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी संसदेच्या समितीचा अध्यक्ष. ऑक्टोबर १९४७ मध्ये यानंच लेखकांना समोर बसवून “तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहात का, किंवा कधी होतात का?” हा प्रश्न लावून धरला होता. पुढे कामावर नसलेल्या माणसांचे पगार कार्यालयाच्या खर्चात दाखवून ते स्वतः लाटल्याबद्दल तोच गजाआड गेला, पण कनेक्टिकटमधल्या डॅनबरीला. तिथे त्याच्या सोबतीला होते रिंग लार्डनर ज्युनियर आणि लेस्टर कोल, म्हणजे ट्रम्बोबरोबर शिक्षा झालेले दोन लेखक. ट्रम्बो होता केंटकीतल्या ॲशलंडला. आर्लन हर्ड हे ट्रम्बोच्या लेखकमित्राचं पात्रही अनेक खऱ्या माणसांचं मिळून केलेलं आहे, हेही तुमचं बरोबर. पण चरित्रपटात असं होतंच, आणि टॉमस खरंच आत गेला होता, हे चित्रपटवाल्यांनी काही मनानं रचलेलं नाही. तुरुंग बदलला, न्याय नाही बदलला.

आता तो लखपती आणि त्याचा टब.

हे वाक्य वाचून मी खरंच चकित झाले. ट्रम्बोचे वडील १९२६ साली गेले. त्यानंतर घर चालवायला हा मुलगा लॉस एंजेलिसच्या एका बेकरीत रात्रपाळीला लागला आणि सुमारे आठ वर्षं तिथे राबला. पाव भाजून झाले की उरलेल्या वेळात लिहायचं, लिहिलेलं साभार परत यायचं, की पुन्हा रात्रपाळी. पहिली कादंबरी आली १९३५ मध्ये. त्याची श्रीमंती त्यानंतरची. एमजीएम स्टुडिओनं त्याला पटकथेमागे ७५,००० डॉलर देऊ केले ते पुढच्या दशकात, आणि ते कुणी बक्षीस दिले नव्हते, टाइपरायटर बडवून मिळवलेले होते. कष्ट करून पैसा मिळवलेल्या माणसाला राजकीय मत बाळगायचा हक्क नाही, असं तुम्हाला म्हणायचं आहे का? की छळ फक्त गरिबाचाच होतो? तसं असेल तर स्पष्ट सांगा, म्हणजे पुढचं बोलणंच नको.

बरं, तो पैसा तरी किती टिकला? समितीसमोर उत्तर नाकारलं म्हणून काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, अवमानाचा ठपका आला, आणि दुसऱ्याच दिवशी, २५ नोव्हेंबर १९४७ ला, स्टुडिओवाल्यांनी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ हॉटेलातून जाहीर केलं की ट्रम्बोसकट उत्तर नाकारणाऱ्या या दहा जणांना काम मिळणार नाही. पुढची तीन वर्षं कोर्टकचेऱ्या. मग वर्षाची शिक्षा आणि हजार डॉलर दंड. दहाएक महिने आत काढले. तळ्याकाठचं घर विकलं. काही काळ बायकामुलांसह मेक्सिकोत जाऊन राहिला. चित्रपट हा भाग सरळ गाळतो. तक्रारच करायची होती तर याची करायची होतीत. आणि काम? स्वस्तातले चित्रपट काढणाऱ्या किंग बंधूंसाठी ‘गन क्रेझी’ लिहिला त्याचे मिळाले ३,७५० डॉलर, तेही हप्त्यानं, आणि नाव लागलं मिलर्ड कॉफमनचं. ७५,००० कुठे आणि ३,७५० कुठे. विसावा हिस्सा. टबात बसायचा तो पाठ दुखायची म्हणून, आणि रात्र रात्र जागून, गोळ्या खाऊन, मिळेल ते काम उपसायचा म्हणून. तुम्हाला चित्रपटात फक्त व्हिस्कीचा ग्लास दिसला. असो. प्रत्येकाचं लक्ष जिथे जायचं तिथे जातं.

पण पैशाचा हिशोब मी उगीचच मांडत बसले, कारण माझ्या लेखाचा मुद्दा पैसा नव्हताच. मुद्दा नावाचा होता. ‘रोमन हॉलिडे’ १९५३ चा. त्याच्या मूळ कथेचं ऑस्कर मिळालं इयन मॅकलेलन हंटरला, कारण त्यानं मित्राला स्वतःचं नाव वापरू दिलं होतं. पुढे तोही काळ्या यादीत गेला. १९५७ मध्ये ‘द ब्रेव्ह वन’च्या कथेसाठी ‘रॉबर्ट रिच’ला ऑस्कर जाहीर झालं, तेव्हा भलत्याच माणसानं मंचावर जाऊन ते घेतलं आणि सांगितलं की रिचची बायको बाळंत होते आहे, तो तिच्याजवळ आहे. रॉबर्ट रिच नावाचा लेखक नव्हताच, ते नाव किंग बंधूंच्या भाच्याचं होतं. ऑस्करच्या त्या बाहुलीवर ट्रम्बोचा हात पडला १९७५ मध्ये, मरणाच्या आदल्या वर्षी. ‘रोमन हॉलिडे’ची बाहुली त्याच्या बायकोला मिळाली १९९३ साली. आणि अमेरिकेतल्या पटकथाकारांच्या संघानं त्या चित्रपटाचं श्रेय अधिकृतपणे त्याच्या नावावर केलं डिसेंबर २०११ मध्ये, तेही दोघा लेखकांच्या मुलांनी पाठपुरावा केला म्हणून. त्यातला ट्रम्बोचा मुलगा त्याच वर्षी जानेवारीत गेला होता. लखपती असला म्हणून ही अठ्ठावन्न वर्षं कमी होतात का?

हे मला पुस्तकं वाचून कळलेलं नाही, म्हणून जरा चिडूनच लिहिते आहे. मी स्वतः एका दैनंदिन मालिकेचे संवाद लिहिले आहेत. वाहिनी कुठली, मालिका कुठली, हे सांगणार नाही. सकाळी अकराला सीन हवेत म्हणजे हवेत. रात्री दोन वाजता क्रिएटिव्हचा फोन यायचा की सासूचा पार्ट वाढवा, नायिकेला बरं नाही. तयार एपिसोडची बँक संपली की घरातल्या लग्नालाही लॅपटॉप न्यायचा. आणि टायटल्समध्ये नाव यायचं भलत्याचंच. गावाकडे आई टीव्हीला नाक लावून बसायची आणि दर वेळी विचारायची, “तुझी पाटी केव्हा येऊन गेली गं?” मला तुरुंगात टाकलं नव्हतं, कबूल. पैसेही मिळाले, उशिरा का होईना. पण आपलं वाक्य चौकातल्या पानटपरीवर कुणीतरी बोलतो आहे आणि ‘हे माझं’ म्हणायची सोय नाही, हे काय असतं ते मला ठाऊक आहे. तुम्ही कधी काही लिहिलं आहे का? प्रतिक्रिया सोडून?

आणि विचारायचंच तर हेही विचारते. तुम्ही टोपणनावानं लिहिता, कारण तुम्हाला ते सोयीचं आहे. ट्रम्बोला डझनावारी टोपणनावं घ्यावी लागली, कारण खऱ्या नावानं चूल पेटत नव्हती. या दोहोंतला फरक लक्षात आला तर माझा लेख पुन्हा वाचा.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. एफबीआयची गोष्ट खरी आहे. त्याच्या युद्धविरोधी कादंबरीचे चाहते युद्धकाळात पत्रं पाठवायचे आणि त्यानं त्यांची माहिती दिली. पण हे कुणी शोधून काढलेलं नाही, त्या कादंबरीच्या १९५९ च्या प्रस्तावनेत त्यानं स्वतःच सांगितलं आहे, आणि हेही की आलेल्या अधिकाऱ्यांना पत्रांपेक्षा त्याच्यातच जास्त रस होता. तो काळ वेगळा होता, विषय गुंतागुंतीचा आहे, एका लेखात सगळं येत नाही. स्टॅलिनचंही तेच. १९७० च्या भाषणात तो म्हणाला की काळ्या यादीच्या त्या काळात ना कुणी खलनायक होते ना नायक, सगळे बळीच होते, आणि त्यावरून त्याचाच जुना सहकारी अल्बर्ट माल्ट्झ त्याच्यावर उखडला. म्हणजे त्या लोकांचे आपापसात वाद होते आणि ते त्यांनी घातले. आपण इथे डोंबिवलीत बसून निकाल द्यायची गरज नाही.

मजरूहंबद्दल म्हणाल तर त्यांच्यावर लिहायचं माझ्या मनात आधीपासून आहे. नेहरूंवर कविता केली, माफी मागायला नकार दिला आणि आत गेले. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतली ही गोष्ट मला तुमच्याकडून कळलेली नाही. लिहीन तेव्हा लिहीन, फर्माईश म्हणून नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही. ज्यांना वाटतं की मला टीका सोसत नाही, त्यांनी त्या लेखाखाली जाऊन खात्री करून घ्यावी. तिच्या दुसऱ्या परिच्छेदातला एक शब्द तेवढा मी गाळला आहे, कारण हा ब्लॉग माझ्या सासूबाईही वाचतात.