डोसिमेडिसचे हातमोजे

"बाथ म्हणजे एक हिरवं डबकं, आणि त्याला एवढं तिकीट!" इंग्लंडमधल्या आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर कोणीतरी हे लिहिलं आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. बाथ म्हणजे रोमनांनी गरम पाण्याच्या झऱ्यावर बांधलेल्या स्नानगृहासाठी ओळखलं जाणारं इथलं शहर. तेव्हा मी गप्प बसले. गेल्या आठवड्यात आईला घेऊन जाऊन आले, आता गप्प बसवत नाही.

आई कणकवलीहून सहा महिन्यांसाठी आली आहे. गुडघे कुरकुरतात, पण फिरायची हौस दांडगी. रेडिंगहून बाथ गाडीने तासाभराचं. नोव्हेंबरचा पहिला आठवडा, रुळांच्या दोन्ही बाजूंना झाडं पिवळी-तांबूस झालेली, खिडकीच्या काचेवर दव. सगळं छान चाललं होतं, आणि उतरल्यावर लक्षात आलं की आईचा एक हातमोजा गायब. नवेकोरे, लोकरीचे, मीच घेऊन दिलेले. "कोणी तरी उचलल्यान," आई म्हणाली. मी म्हटलं, अगं सीटखाली पडला असेल. त्यावर, "पडलो तर दिसलो असतो." दोन मिनिटांनी स्वतःच, "पण एक मोजो घेवन चोर काय करतलो?"

या मोज्याचं पुढे काम आहे म्हणून सांगितलं.

तर डबकं. मोठ्या कुंडातलं पाणी हिरवं आहे, खरंच. त्यावर रोमन काळात भलंमोठं छप्पर होतं, ते कोसळलं. आता उघड्यावर ऊन लागतं आणि शेवाळ वाढतं, इतकंच. झऱ्यातून येताना पाणी स्वच्छच असतं. हजारो वर्षांपूर्वी मेंडिप टेकड्यांवर पडलेला पाऊस चुनखडकातून खूप खोल उतरतो, तिथे तापतो आणि भेगेतून पुन्हा वर येतो. ४६ अंश सेल्सिअस, रोज सुमारे ११ लाख ७० हजार लिटर. रोमन आले तेव्हाही येत होतं, ते गेल्यावरही येत राहिलं. थंडीत गेलात तर त्यावरून वाफा उठताना दिसतात. उन्हाळ्यात गेलेल्यांना नुसतं हिरवं पाणी दिसतं, मग ते ग्रुपवर लिहितात.

आईने कुंडाला हात जोडले आणि लगेच विचारलं, पाय बुडवायचे कुठे? राजापूरजवळच्या उन्हाळे गावातल्या गरम झऱ्यांवर लहानपणी आजीबरोबर जायची ती. गरम पाण्याच्या कुंडावर जाऊन कोरडं परत यायचं हे तिच्या हिशेबात बसेना. इथे पाण्याला हात लावायचीही मनाई आहे. १९७८ मध्ये या पाण्यात पोहलेली एक मुलगी पाण्यातल्या अमिबामुळे मेंदूला संसर्ग होऊन दगावली, तेव्हा अंघोळी बंद झाल्या. मग नव्याने खोल बोअर घेतल्या आणि २००६ पासून शेजारी आधुनिक स्नानगृह सुरू आहे, त्याचं तिकीट वेगळं. प्यायला शुद्ध केलेलं पाणी मात्र मिळतं. आईने घोटभर घेतलं. "गंजलेलो खिळो उकळल्यासारख्या लागता." याहून अचूक वर्णन मी वाचलेलं नाही.

वरच्या गच्चीवरच्या पुतळ्यांबरोबर सगळे फोटो काढतात. काढा, पण ते रोमन नाहीत, १८९०च्या दशकातले आहेत. तिथला वेळ वाचवा आणि खाली संग्रहालयात जा. बाथला ज्यासाठी जावं ते तिथे, एका काचेच्या पेटीत आहे: तळहातावर मावतील असे शिशाचे करडे, चुरगळलेले पत्रे. दिसायला भंगार.

झऱ्याच्या देवीचं नाव सुलिस. ती मूळची इथली. रोमनांनी तिला आपल्या मिनर्व्हाशी जोडलं आणि सुलिस मिनर्व्हा केलं. ज्याची चोरी होई तो शिशाच्या पत्र्यावर तक्रार कोरायचा, पत्रा गुंडाळायचा आणि देवीच्या झऱ्यात टाकायचा. असे सुमारे १३० पत्रे सापडलेत, दुसऱ्या ते चौथ्या शतकांतले. चोरीला काय गेलंय? अंगरखा. नांगराचा फाळ. थोडी नाणी. म्हणजे ज्याचं गेलं त्याच्यासाठी जग बुडालं आणि बाकी कोणाला पत्ताही नाही, अशा वस्तू.

डोसिलियानस नावाच्या माणसाचा टोपीवाला झगा गेला. चोर 'पुरुष असो वा स्त्री, गुलाम असो वा स्वतंत्र', झगा देवळात आणून देईपर्यंत त्याला झोप लागू देऊ नकोस, मूलबाळ होऊ देऊ नकोस, असं तो देवीला सांगतो. अन्नियानुसची चांदीची सहा नाणी गेली, तर त्याने चोर ख्रिस्ती असला तरी सुटू नये याचीही सोय करून ठेवली. काही जण आणखी बेरकी. ते चोरीला गेलेले पैसे देवीलाच दान करून टाकायचे. आता चोराने माझे नाही, तुझे पैसे चोरलेत, बघ बाई काय करायचं ते.

मी हे मराठीत सांगत होते आणि आई एकदम म्हणाली, "अगो, ह्यां तर गाऱ्हाणां!"

अंगावर काटा आला. आमच्या रवळनाथासमोर गावकर उभा राहून गाऱ्हाणं घालतो तेव्हा हेच तर करतो. कोणी म्हणजे कोणी सुटू नये म्हणून एकेकाला शब्दांत बांधत जायचं, वस्तू देवाच्या पदरात टाकायची आणि मग निवाडा त्याच्यावर सोपवायचा. फरक इतकाच की आमच्याकडे गाऱ्हाणं सगळ्यांसमोर होतं आणि लोक 'व्हय महाराजा' म्हणतात. इथे माणूस एकटा, आणि पत्राही मिटलेला. कोणी कोणी तर अक्षरं उलटी लिहिली आहेत.

मग डोसिमेडिस सापडला. त्याचे दोन हातमोजे गेले होते. ज्याने नेले त्याची बुद्धी जावो आणि डोळे जावोत, असं त्याचं मागणं.

"ह्येचे तर दोनय गेले," आई म्हणाली. थोडा वेळ ती पेटीसमोरच उभी होती. मग, "मगे? गावले काय तेचे मोजे?"

याचं उत्तर कोणाकडेच नाही. देवीकडे आलेला अर्ज शिल्लक आहे, निकाल नाही.

बाकीचं बाथ घाईत पाहिलं आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. ॲबी या जुन्या चर्चच्या दर्शनी भिंतीवर शिडीने चढणारे दगडी देवदूत आहेत, त्यातले काही डोकं खाली करून उतरतात. आत झऱ्याच्याच उष्णतेवर जमीन उबदार ठेवतात, तिथे आईचे गुडघे खूश झाले. सर्कस या गोल चौकातल्या प्लेन जातीच्या झाडांखाली पिवळ्या पानांचा खच होता. तिथेच १४ नंबरला क्लाइव्हचं घर होतं. होय, प्लासीवालाच. त्या घराचा फोटो मी काढला नाही. रॉयल क्रेसेंटपर्यंत चढणं आईला झेपलं नसतं. ३० घरांची ती अर्धगोल ओळ पोस्टकार्डावर पाहिली. कादंबरीकार जेन ऑस्टिन इथे १८०१ ते १८०६ राहिली म्हणून येणारे पुष्कळ, पण तिला हे शहर सोडताना सुटल्यासारखं वाटलं होतं. जायचं तर महिनाअखेरीस ख्रिसमसचा बाजार भरायच्या आत जा. नंतर पाय ठेवायला जागा नसते.

साडेचारला अंधार पडला. परतीच्या गाडीत बसायच्या आधी आईने वाकून सीटखाली पाहिलं.