वानखेडेवरची ‘गंमत’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटपटू अँड्र्यू सायमंड्स याच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, तर उत्तरही सविस्तरच देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : वंशवाद हा गोऱ्यांचा रोग, आपण त्याचे बळी. २००७ साली मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर प्रेक्षकांनी सायमंड्सला माकडाचे आवाज काढून चिडवलं, ती निव्वळ गंमत. आणि ज्या वानखेडेने वेस्ट इंडिजच्या क्लाइव्ह लॉइडला डोक्यावर घेतलं, त्याच्यावर असा आरोप म्हणजे मुंबईची बदनामी; तेव्हा लेख काढून टाकावा.

लॉइडची आठवण काढलीत ते फार बरं झालं. जानेवारी १९७५, वानखेडेवरची पहिलीवहिली कसोटी. लॉइडचं द्विशतक झालं, त्याचं अभिनंदन करायला एक पोरगा मैदानात धावला, पोलिसांनी त्याला बडवलं आणि स्टेडियम पेटलं. लॉइड नाबाद २४२. परदेशी फलंदाजाच्या कौतुकापायी पोलिसांना भिडणारं हे पब्लिक मला मनापासून आवडतं. पण काका, लॉइडच्या खेळीवर जीव टाकणारा आणि सायमंड्सला बघून माकडासारखे हातवारे करणारा एकाच स्टँडमध्ये बसू शकतात. कधी कधी तो एकच माणूस असतो.

१७ ऑक्टोबर २००७. समोर ऑस्ट्रेलियाचे अकरा खेळाडू होते आणि तोंडाने कुणीच कमी नव्हतं. हुर्यो उडवायचीच तर कर्णधार पॉन्टिंगची उडवायची, आपली खरी खुन्नस त्याच्याशी. माकडाचे आवाज मात्र सायमंड्सच्याच वाट्याला का आले? कॅरिबियन वंशाचा तो होता म्हणून. आठवडाभर आधी वडोदऱ्यातही हेच घडलं होतं, आणि तेव्हा ‘असं काही झालंच नाही’ हा सूर लागला होता. मुंबईत हातवारे करणाऱ्यांचे फोटो छापून आले, पोलिसांनी चौघांवर कारवाई केली, तेव्हा तो सूर थांबला. तुम्ही लिहिता की वडोदऱ्यात लोक हनुमानाचा जयजयकार करत होते. काका, हनुमानाचा जयजयकार एका खेळाडूकडे बोट दाखवून करत नाहीत.

सिडनीत आपला गोलंदाज मोहम्मद सिराजला प्रेक्षकांकडून शिवीगाळ झाली तेव्हा तुमचं रक्त उसळलं, असं तुम्हीच लिहिलंय. माझंही उसळलं होतं. जानेवारी २०२१, पोराचे वडील जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. सिराजने कर्णधार अजिंक्य रहाणेला सांगितलं, रहाणेने पंचांना. खेळ थांबला, सहा प्रेक्षकांना बाहेर काढलं. मैदान सोडायचा पर्याय पंचांनी पुढे केला, पण आपल्या डोंबिवलीच्या अजिंक्यने तो घेतला नाही : आमची चूक नाही, आम्ही खेळणार. त्या दिवशीही तिथले काही प्रेक्षक ‘आम्ही थट्टा करत होतो’ असंच सांगत होते. आपण ते क्षणभर तरी ऐकून घेतलं का? सिराजचा शब्द आपल्याला पुरला. सायमंड्सचा का पुरला नाही?

राहिलं ‘आपण स्वतःच सावळे, आपण कसे वंशवादी’. अभिनव मुकुंद भारताकडून कसोटी खेळलेला माणूस. रंगावरून लहानपणापासून काय काय ऐकावं लागलं, ते त्याने २०१७ मध्ये जाहीरपणे लिहिलं. वेस्ट इंडिजच्या डॅरन सॅमीला हैदराबादच्या आयपीएल संघात ‘काळू’ म्हणत, सगळे हसत, तोही हसे. अर्थ कळला तेव्हा, २०२० मध्ये, त्याने जाब विचारला. आणि लग्नाच्या बाजारात ‘रंगाने सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस’ ही शिफारस तुम्हीआम्ही सगळ्यांनीच ऐकलीय.

एक अगदी अलीकडचं सांगतो. पुण्यात कोंढव्याकडे जाणारी बस, संध्याकाळची, खच्चून भरलेली. एक आफ्रिकी विद्यार्थी खिडकीशी बसलेला, शेजारची सीट रिकामी, आणि माणसं दांड्याला लोंबकळत उभी. एक आजी बसायला निघाल्या, तर बरोबरच्या बाईने त्यांना दंडाला धरून मागे ओढलं. पोराने ते पाहिलं आणि तो उठून दरवाज्यापाशी जाऊन उभा राहिला. लगेच दोन्ही सीट भरल्या. शिवी नाही, हातवारे नाहीत, कुणी वाईट हेतूनेही वागलं नसेल. त्या पोराला मात्र तिकीट काढून उभं राहावं लागलं. याला तुम्ही काय म्हणाल?

लेख काढणार नाही. तुमची प्रतिक्रियाही जशीच्या तशी राहील. २००७ चा तो सामना तुम्ही नॉर्थ स्टँडमधून पाहिला असं लिहिलंत, मी टीव्हीवर पाहिला. सायमंड्स मैदानात होता तेव्हा तुमच्या आजूबाजूला नेमकं काय चाललं होतं, ते आठवेल तेवढं लिहा. मी ते वर, मूळ लेखालाच जोडतो.