प्लाझ्मा आडवा आला की रेडिओ बंद पडतो का?

नमस्कार. उत्तराला चार दिवस लागले, कारण तुमची प्रतिक्रिया वाचून आधी माझंच वाक्य पुन्हा तपासावं लागलं. 'विद्युत इंजिनामुळे उपग्रहाच्या रेडिओवर काहीही परिणाम होत नाही,' असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचा सवाल: पृथ्वीवर परतणाऱ्या यानाचा संपर्क प्लाझ्मामुळेच (म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या तापलेल्या वायूमुळे) तुटतो, मग झेनॉन वायूचा प्लाझ्मा ओकत उपग्रह ढकलणाऱ्या हॉल थ्रस्टर या विद्युत इंजिनाला सूट का? 'काहीही' हा शब्द चुकलाच. पण तुमची तुलनाही बसत नाही.

सगळा खेळ दाटपणाचा आहे. प्लाझ्मा एका मर्यादेखालच्या वारंवारतेच्या लहरी अडवतो, आणि ती मर्यादा इलेक्ट्रॉन किती दाट आहेत त्यावर ठरते. परतणाऱ्या यानाभोवती दर घनसेंटिमीटरला लाख कोटी इलेक्ट्रॉन धरले, तर मर्यादा 9 गिगाहर्ट्झवर जाते. आता एसपीटी-100 हा हॉल थ्रस्टर घ्या: 300 व्होल्ट, साडेचार अँपिअर. त्याच्या तोंडापासून मीटरभरावर, झोताच्या अगदी मधोमध, माझा ढोबळ हिशेब दर घनसेंटिमीटरला काही अब्ज इलेक्ट्रॉनांवर येतो. म्हणजे मर्यादा अर्ध्या गिगाहर्ट्झच्या आसपास, आणि बाजूला सरकलं की आणखी खाली. उपग्रह वापरतात तो 12 गिगाहर्ट्झच्या आसपासचा वारंवारतेचा पट्टा, म्हणजे केयू बँड, त्यातून आरामात जातो.

जातो, पण जसाच्या तसा नाही. इथे तुमचा मुद्दा मान्य. हॉल थ्रस्टरमधला प्रवाह सेकंदाला साधारण 10 ते 30 हजार वेळा कमी-जास्त होत असतो आणि झोताचा दाटपणाही त्याबरोबर हलतो. उन्हात तापलेल्या डांबरी रस्त्यापलीकडचा माणूस थरथरताना दिसतो ना, तशी आरपार जाणाऱ्या सिग्नलची फेज, म्हणजे लहरीच्या चढउतारांची वेळ, थरथरते. सिग्नलमधल्या वारंवारता दाखवणाऱ्या स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर मधल्या सुळक्याच्या दोन्ही अंगांना छोटे सुळके उगवतात. फेजची ही थरथर वारंवारतेच्या व्यस्त प्रमाणात असते, त्यामुळे 1.6 गिगाहर्ट्झच्या एल बँडला केयूच्या साडेसातपट त्रास. अर्थात अँटेनाचा सिग्नल झोतातून जात असेल तरच. इस्रोने 2017 मध्ये जीसॅट-9 वर झेनॉन थ्रस्टर नेले. अशा उपग्रहांवर थ्रस्टर कुठे बसवायचे हे ठरवताना झोत अँटेनाच्या आड येणं टाळावंच लागतं.

तुम्ही न काढलेला एक मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. इंजिन स्वतःच रेडिओ गोंगाट करतं, तोही काही गिगाहर्ट्झपर्यंत. जमिनीवरून येणारा आदेश उपग्रहापाशी पोहोचेपर्यंत आधीच क्षीण झालेला असतो, म्हणून त्याच्या रिसीव्हरची काळजी आधी. हा गोंगाट मोजायला धातूची निर्वात टाकी चालत नाही, लहरी आतच आपटत राहतात. त्यासाठी लहरी आरपार जाऊ देणाऱ्या फायबरग्लासच्या टाक्या वापरतात.

आणि आयन इंजिनाने (झेनॉनचे विद्युतभारित अणू फेकणारं दुसऱ्या प्रकारचं विद्युत इंजिन) खरोखर संपर्क थांबवल्याचं उदाहरण हवं असेल तर नासाचं लघुग्रहांकडे गेलेलं डॉन यान घ्या. तिथे कारण प्लाझ्मा नव्हतं, दिशा होती. इंजिन हव्या त्या दिशेला रोखलं की मुख्य अँटेना पृथ्वीकडे वळेना. म्हणून सहसा आठवड्यातून एकदा इंजिन काही तास बंद करून यान वळवायचे आणि साठलेलं सगळं पाठवायचे.

मूळ लेखातलं 'काहीही' काढून तिथे बँड आणि अँटेनाच्या जागेबद्दलचा परिच्छेद टाकला आहे.